स्पॅनिश क्रियापदं: अवयव कुठे तोडायचा, आघात कुठे द्यायचा

कोरांटी

स्पॅनिश बोलताना कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो. मी, तू, ते हे सगळं क्रियापदाच्या शेवटावरून ओळखायचं. काही ठिकाणी तर तो शेवटही सारखाच असतो आणि वेगळा असतो तो फक्त आघात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. [पा]-गो म्हटलं तर ‘मी देतो’, पा-[गो] म्हटलं तर ‘त्याने दिले’. हॉटेलात बिल समोर आलेलं असताना हा फरक मोठाच असतो! तसंच [ये]-गो म्हणजे ‘मी पोचतो’ आणि ये-[गो] म्हणजे ‘तो पोचला’.

मी स्पॅनिश शिकवते. येणारी मुलं हुशार असतात, तक्ते धडाधड म्हणून दाखवतात, पण म्हणताना सगळे अवयव (सिलॅबल) एका वजनाचे असतात. मराठीत आघाताने काळ बदलत नाही, त्यामुळे कानाला ती सवयच नसते. माझं मत स्पष्ट आहे: क्रियापदाचं रूप आघातासकट पाठ झालं नसेल, तर ते पाठ झालेलंच नाही. म्हणून हा धागा.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते. अवयव आडव्या रेघेने तोडले आहेत, आघाताचा अवयव चौकटी कंसात आहे. इ आणि उ मी सगळीकडे ह्रस्वच लिहिणार आहे. स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, आणि दीर्घ दिसलं की आपण तिथेच आघात आहे असं धरून चालतो. उच्चार लॅटिन अमेरिकेतले.

लेखनाचा नियम छोटा आहे. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर. दुसऱ्या कुठल्याही अक्षराने संपत असेल तर शेवटच्या अवयवावर. आघात याहून वेगळ्या जागी असेल तर त्या स्वरावर तिरकी रेघ, म्हणजे तिल्दे, द्यायचीच. एन आणि एस ही दोन व्यंजनं वेगळी काढली आहेत याचा क्रियापदांना मोठा फायदा होतो. [आ]-ब्ला (तो बोलतो), [आ]-ब्लास (तू बोलतोस), [आ]-ब्लान (ते बोलतात): प्रत्यय लागला तरी आघात हलला नाही, आणि तिघांपैकी कुणालाच तिल्दे लागली नाही. उलट मूळ धातुरूप आर (r) या अक्षराने संपतं, म्हणून आ-[ब्लार], को-[मेर], बि-[बिर] यांचा आघात तिल्देशिवायच शेवटी.

आता अवयव. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जातं. दोन व्यंजनं आली तर मधून तुटतात: कान-[तार], [साल]-गो. पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, क, ग, फ यांपैकी असेल, तर जोडी फुटत नाही: आ-[ब्रिर], कोम-[प्रार]. त आणि द रबरोबर जोडी करतात. एस मात्र पुढच्या व्यंजनाला कधीच चिकटत नाही, तो मागेच राहतो: एस-[तार], एस-क्रि-[बिर]. म्हणून तर स्पॅनिशमध्ये एस अधिक व्यंजन अशी शब्दाची सुरुवात होत नाही, आधी ‘ए’ येतो. हा ए नंतर आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ होतं, आणि त्या पाहुण्या ए-वर आघात कधी गेलाच नाही. त्यामुळे ‘एस्तार’च्या वर्तमानकाळात सगळीकडे आघात पुढे आहे: एस-[तोय], एस-[तास], एस-[ता], एस-[तान]. मुलं [एस]-ता म्हणतात तेव्हा ‘आहे’ऐवजी ‘ही’ असा अर्थ होतो.

देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांनी इथे फार सांभाळायला हवं. आपण ‘कोम्प्रेन्दो’ लिहिलं की डोळ्याला को, म्प्रे, न्दो असे तुकडे दिसतात. खरे अवयव आहेत कोम-[प्रेन]-दो. ‘कोन्स्त्रुयो’ (मी बांधतो) हे तर दिसायला को-न्स्त्रु-यो, आणि बोलायला कोन्स-[त्रु]-यो. जोडाक्षर म्हणजे अवयवाची हद्द नव्हे.

पुढे काळांकडे. साधा भूतकाळ, -आर गट: आ-[ब्ले] (मी बोललो), आ-[ब्लास]-ते, आ-[ब्लो] (तो बोलला), आ-[ब्ला]-मोस, आ-[ब्ला]-रोन. पहिल्या आणि तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनात आघात शेवटी, म्हणून तिथे तिल्दे. याच सवयीने मुलं तु-[बो], इ-[सो], दि-[खो] म्हणतात, आणि ते चूक आहे. [तु]-बो (त्याच्याकडे होतं), [इ]-सो (त्याने केलं), [दि]-खो (तो म्हणाला), [पु]-सो (त्याने ठेवलं), [बि]-नो (तो आला) हा वेगळा कळप आहे. त्यांचा आघात लॅटिनपासून धातूवरच राहिला, आणि तिल्देही नाही. दिवसभरात सगळ्यात जास्त वापरायची क्रियापदं हीच, त्यामुळे ही आधी पक्की करा.

अपूर्ण भूतकाळात आघात एका ओळीत उभा आहे: आ-[ब्ला]-बा, आ-[ब्ला]-बास, आ-[ब्ला]-बा-मोस, आ-[ब्ला]-बान. ‘आम्ही’च्या रूपात एक अवयव वाढतो, आघात शेवटून तिसरा पडतो, म्हणून फक्त तिथे तिल्दे. लॅटिनमध्ये या जागी आघात पुढे सरकायचा. इटालियनने तो तसाच ठेवला (कान-ता-[वा]-मो), स्पॅनिशने बाकीच्या रूपांच्या रांगेत ओढून घेतला (कान-[ता]-बा-मोस). मला ही गोष्ट फार आवडते. बोलणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या तक्ता सरळ करत नेला, हे त्यात दिसतं.

प्रश्न असतील तर विचारा. एन्क्लिटिक (क्रियापदाच्या शेवटी चिकटणारी) सर्वनामं आणि जोडस्वर यांवर प्रतिसादांत बोलू.

तिठा

खूपच उपयोगी. एक अडलं. एस-[तोय] कानाला स्वराने संपतो, मग नियमाप्रमाणे तिल्दे यायला हवी ना?

कोरांटी

कानाला स्वर, पण लेखनात शेवटचं अक्षर वाय आहे, आणि तिल्देच्या हिशेबात वायला व्यंजन धरतात. [सोय], [दोय], [बोय] तर एकाच अवयवाचे, तिथे प्रश्नच नाही. एस-[तोय]मध्ये वाय असल्यामुळे आघात आपोआप शेवटी जातो.

लगावली

स्पॅनिश मला येत नाही, पण जोडाक्षराबद्दल कोरांटींनी लिहिलंय त्यावर राहवत नाही. ही हद्द मराठी कानाला नवी नाही, फक्त डोळ्याला नवी आहे. वृत्तात ‘मस्तक’ शब्दातला म आपण गुरू का धरतो? लिहिताना स् पुढच्या त-ला जोडलेला असला तरी म्हणताना तो म-ला येऊन मिळतो: मस्-तक. संयोगापूर्वीचं अक्षर गुरू हा नियम म्हणजे अवयव कुठे तुटतो याचंच वर्णन आहे.

आणि मराठीत याची उलट बाजूही आहे. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचं अनेकवचन). पहिल्यात दर्-या, दुसऱ्यात द-ऱ्या. पहिला द गुरू, दुसरा लघू. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही तेच. या फरकासाठी आपण लिपीत वेगळं चिन्ह ठेवलं आहे. ज्याला या जोड्या ऐकू येतात त्याला कान-[तार] आणि आ-[ब्रिर] यांतला फरकही ऐकू यायला हवा.

कोरांटी

लगावली, अगदी नेमकं. दर्या-दऱ्या मी उद्यापासून वर्गात वापरणार. एक गोष्ट मात्र जोडते: गुरू अवयव म्हणजे आघाताचा अवयव नव्हे. कान-[तो] (तो गायला) यात ‘कान’ बंद आणि जड आहे, तरी आघात हलक्या ‘तो’वर आहे. [कान]-तो (मी गातो) यात तो ‘कान’वर. अवयव तेच, वजन तेच, आघात वेगळा. मात्रा मोजणारा चांगला कान इथे सवयीने जड अवयवाकडे ओढला जातो.

चिंचोका

मी मेक्सिकोत असते, ग्वादालाखारात. बाजारातून चालताना दोन्ही बाजूंनी ‘[पा]-से-ले, [पा]-से-ले’ (या, या) सुरू असतं. फोनवर थांबवून ठेवताना ‘पेर-[मि]-ता-मे’. [आन]-दा-ले तर दर वाक्याला. कानाने हे सगळं पटकन बसलं. माझा गोंधळ लिहिताना होतो. ‘पासे’ला तिल्दे नाही, ‘पासेले’ला आहे. आघात तर तिथेच आहे, मग चिन्ह कुठून आलं?

कोरांटी

आघात हलत नाही म्हणूनच चिन्ह येतं! [पा]-से दोन अवयवांचा, स्वराने संपलेला, आघात शेवटून दुसऱ्यावर, सगळं नियमात. ‘ले’ चिकटला की अवयव तीन झाले, आणि न बदललेला आघात शेवटून तिसऱ्या जागी गेला. आता तो नियमाबाहेर, म्हणून तिल्दे. सर्वनाम क्रियापदाला चिकटतं, पण आघात स्वतःकडे ओढत नाही.

एकेक सर्वनाम वाढवत पाहा:

कोम-[प्रार] – तिल्दे नाही (आरने संपतो)
कोम-[प्रार]-लो – तिल्दे नाही (स्वराने संपतो, आघात शेवटून दुसरा)
कोम-[प्रार]-ते-लो – तिल्दे हवी

तीनही वेळा ‘प्रार’च जोरात. [दान]-दो, [दान]-दो-मे, [दान]-दो-मे-लो यातही तसंच. शेवटच्यात आघात शेवटून चौथ्यावर पोचला, त्याला सोब्रेस्द्रुखुला म्हणतात. इतक्या मागे आघात असणारे शब्द स्पॅनिशमध्ये बहुतेक अशा चिकटलेल्या क्रियापदांतूनच तयार होतात.

‘चला, निघू या’चं [बा]-मो-नोस लिहिताना आणखी एक लक्षात ठेवा: [बा]-मोसला ‘नोस’ लागताना पहिला एस गळतो. सेन-[ते]-मो-नोस (बसू या) तसंच.

उत्तररात्र

बुएनोस आइरेसहून लिहितोय. कोरांटी, इथलं चित्र थोडं वेगळं आहे, ते नोंदवतो. इथे ‘तू’साठी ‘तु’ नाही, ‘बोस’ वापरतात, आणि त्याच्या रूपांत आघात पुढे सरकतो. मेक्सिकोत ‘माझ्याकडे बघ’ म्हणजे [मि]-रा-मे, तिल्देसह. इथे मि-[रा]-मे, तिल्देशिवाय. अर्थ एकच. नुसतं ‘बघ’ म्हणायचं तर मि-[रा], तिथे तिल्दे आहे. म्हणजे सर्वनाम लागल्यावर तिल्दे जाते, तुमच्या उदाहरणाच्या बरोब्बर उलट, पण नियम तोच.

आणि याचा स्वरांवरही परिणाम होतो. [प्वे]-देस (तू शकतोस) इथे पो-[देस] होतं. [प्येन]-सासचं पेन-[सास].

कोरांटी

उत्तररात्र, हे फार मोलाचं उदाहरण दिलंत, कारण त्यातून एक पूर्ण तक्ता उलगडतो. सगळेजण ‘बूट क्रियापदं’ म्हणून एक चित्र पाठ करतात (तक्त्यात बदललेली रूपं रेघेने घेरली की बुटाचा आकार दिसतो): [प्येन]-सो, [प्येन]-सास, [प्येन]-सा, पेन-[सा]-मोस, [प्येन]-सान. ‘आम्ही’त बदल नाही, बाकीत आहे. कारण कुणी सांगत नाही. कारण आघातच आहे. लॅटिनमधले ह्रस्व ए आणि ओ आघाताखाली आले तर स्पॅनिशमध्ये त्यांचे ‘ये’ आणि ‘वे’ झाले. आघात त्यांच्यावर नसेल तर ते साधे राहिले. पेन-[सा]-मोसमध्ये आघात प्रत्ययावर आहे, म्हणून ‘पेन’ तसाच. अर्जेंटिनात ‘बोस’चा आघात प्रत्ययावर, म्हणून तिथेही ‘पेन’ तसाच. [प्वे]-दो आणि पो-[दे]-मोसही याच हिशेबाने. आघात नीट दिला की स्वर आपोआप ठरतो. म्हणून बुटाचं चित्र मी फळ्यावर काढतच नाही.

मांडवीकाठ

आमच्या घरात आजोबांमुळे पोर्तुगीज होती, पणजीतल्या कितीतरी जुन्या घरांत असायची तशी. भविष्यकाळावर तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्याचा आघात शेवटी का जातो ते पोर्तुगीजमध्ये उघडच दिसतं. औपचारिक पोर्तुगीजमध्ये ‘मी तुला देईन’ हे ‘दार-ते-एइ’ असं लिहितात. ‘दार’ म्हणजे देणे, ‘ते’ तुला, आणि शेवटचा ‘एइ’ हा ‘असणे’ या क्रियापदाचा. मध्ये सर्वनाम शिरू शकतं, कारण मुळात ते दोन शब्द होते.

कोरांटी

हो, जुन्या स्पॅनिशमध्येही सर्वनाम असंच मध्ये यायचं. आजच्या स्पॅनिशमध्ये सांधा बुजला, आघात मात्र राहिला: आ-ब्ला-[रे], आ-ब्ला-[रास], आ-ब्ला-[रा], आ-ब्ला-[रे]-मोस, आ-ब्ला-[रान]. शेवटचा तुकडा एके काळी ‘आबेर’ या क्रियापदाचं स्वतंत्र रूप होता, म्हणून जोर त्याच्यावर. ‘रेमोस’ सोडून सगळ्यांना तिल्दे.

यातच एक जोडी फार फसवी आहे: आ-ब्ला-[रान] (ते बोलतील) आणि आ-[ब्ला]-रान (ते बोलले असते तर, या प्रकारच्या वाक्यातलं). लिहिताना फक्त एक रेघ. ऐकताना सगळा अर्थ.

भविष्यकाळात अवयवांचीही एक गंमत घडली. ‘तेनेर’मधला मधला ए गळाला आणि न-ला र भिडला. न आणि र यांची जोडी होत नाही, दोघांमध्ये द शिरला आणि तो र-बरोबर गेला: तेन-[द्रे]. साल-[द्रे], पोन-[द्रे], बेन-[द्रे] तसेच. या रूपांना अनियमित म्हणतात, पण तो द अवयवांच्या नियमातूनच आला आहे. आणि ‘केरेर’चं पाहा: के-[रि]-आ म्हणजे ‘मला हवं होतं’, के-[र्रि]-आ म्हणजे ‘मला हवं असतं’ (जर-तरच्या वाक्यातलं). दुहेरी आर तुटत नाही, पूर्ण पुढच्या अवयवात जातो. मराठी सवयीने केर-रि-आ म्हणू नका.

तिठा

आता माझा खरा प्रश्न. ‘एस्तुदियार’ आणि ‘एन्बियार’ दिसायला सारखी, मग ‘मी अभ्यास करतो’ आणि ‘मी पाठवतो’ यांचे आघात वेगळे का?

कोरांटी

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. आ, ए, ओ हे सबळ स्वर. इ, उ दुबळे. आघात नसलेला दुबळा स्वर सबळाला चिकटला तर दोघांचा एकच अवयव होतो, आणि तो आपल्याला य किंवा व घालून लिहिता येतो: एस-[तु]-द्यो. आघात दुबळ्या स्वरावरच पडला तर अवयव फुटतो आणि तो वेगळ्या स्वराने लिहावा लागतो: एन-[बि]-ओ. अशा वेळी तिल्दे नेहमी येते, बाकीचा नियम काहीही म्हणो. दोन सबळ स्वर मात्र कायम वेगळे: ले-[एर], का-[एर], [ले]-ए.

एकच क्रियापद काळ बदलताना या दोन्ही बाजूंना जातं. कोन-[फि]-ओ (मी विश्वास ठेवतो), कोन-[फ्यो] (त्याने ठेवला). आक-[तु]-ओ, आक-[त्वो]. तीन अवयवांचे दोन झाले!

कुठलं क्रियापद कुठल्या गटात हे धातुरूपावरून कळत नाही, नुसतं लक्षात ठेवावं लागतं. -उआर गटात थोडा आधार आहे: आधी ग असेल तर जोडस्वर (आ-बे-[रि]-ग्वो), क असेल तर दोन्ही चालतात, इतर बहुतेक ठिकाणी फुटतो (कोन-ति-[नु]-ओ, ग्रा-[दु]-ओ). -इयार गटात काहीजण जवळच्या नामावरून ओळखायला सांगतात. तो आधार अपुरा आहे. विशेषण [आम]-प्ल्यो, आणि क्रियापद आम-[प्लि]-ओ.

चिंचोका

कोन-ति-[नु]-ओ निघालंच आहे तर पूर्ण तिकडी देते. कोन-[ति]-न्वो सततचा, कोन-ति-[नु]-ओ मी चालू ठेवतो, कोन-ति-[न्वो] त्याने चालू ठेवलं. आणि [तेर]-मि-नो संज्ञा, तेर-[मि]-नो मी संपवतो, तेर-मि-[नो] त्याने संपवलं. या दोन तिकड्या मी मोठ्याने म्हणून बसवल्या. आता ऑफिसातल्या मेलमध्ये तिल्दे राहिलेली असली की लगेच डोळ्यात येते.

तिठा

शेवटचं एक. जुन्या पुस्तकांत ‘फुए’, ‘दियो’, ‘बियो’ यांवर तिल्दे दिसते, नव्या पुस्तकांत नाही. कोणतं बरोबर?

कोरांटी

नवं. ही सगळी एका अवयवाची रूपं आहेत: [फ्वे], [फ्वि], [द्यो], [ब्यो]. एका अवयवात आघात दुसरीकडे जाऊच शकत नाही, म्हणून चिन्ह निरर्थक. स्पॅनिश अकादमीने 1952च्या नियमावलीत ते काढलं आणि 1959पासून ते बंधनकारक झालं. त्याआधी छापलेल्या पुस्तकात तिल्दे असणारच. अपवाद फक्त दुसऱ्या छोट्या शब्दापासून वेगळं काढण्यासाठी: ‘मला माहीत आहे’मधला ‘से’ आणि ‘देवो’ अर्थाचा ‘दे’ यांवर तिल्दे राहिली.

2010च्या शुद्धलेखनात याचंच पुढचं पाऊल आहे. ‘तो हसला’, ‘त्याने वाट दाखवली’ यासारखी रूपं, ‘र्यो’ आणि ‘ग्यो’, आता लेखनापुरती एका अवयवाची धरायची आणि तिल्दे द्यायची नाही. [रि]-ओ (मी हसतो) वरची मात्र राहते, कारण तिथे आघात दुबळ्या स्वरावर आहे. कोन्स-[त्रुइ]-दो आणि [उइ]-दो यांनाही तिल्दे नाही, कारण इ आणि उ शेजारी आले की लेखनात ते एकच अवयव मोजतात. का-[इ]-दो, ले-[इ]-दो यांना आहे, तिथे सबळ-दुबळ जोडी फुटली आहे.

बोलताना सगळीकडे एकसारखं नाही. स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात अनेकजण रि-[ओ], गि-[ओ] असे दोन अवयव स्पष्ट म्हणतात. चिंचोका, तुमच्याकडे मेक्सिकोत एकच ऐकू येत असेल.

चिंचोका

हो, एकच. ‘से र्यो’ (तो हसला) पटकन संपतं.

उत्तररात्र

इथे दोन. माझी शेजारीण ‘से रि-[ओ]’ म्हणते, आणि लिहिताना अजून तिल्दे देते.